नवरा लीड्सला, बायको स्लाउला: दोन घरं असलेल्या जोडप्यांचा काउन्सिल टॅक्स

आमच्या ज्या ग्राहकांच्या घरी नवरा एका शहरात आणि बायको दुसऱ्या शहरात राहते त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. इंग्लंडमधल्या आपल्या मराठी घरांत हे आता सर्रास दिसतं, एकाचं आयटीचं काम लीड्सला, दुसरीची ड्युटी स्लाउच्या हॉस्पिटलात, किंवा लग्नच उशिरा झालंय, दोघांची आपापली घरं आधीपासून आहेत आणि कुणालाच आपलं घर सोडायचं नाहीये. मार्चमध्ये काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे स्थानिक काउन्सिल राहत्या घरावर लावते त्या कराचं, बिल आलं की फोन सुरू होतात आणि प्रश्न एकच, आम्ही नवरा-बायको आहोत म्हणजे एकट्याची २५ टक्के सूट गेलीच ना?

नाही, लग्न झालंय एवढ्यावरून सूट जात नाही. पण वेगळं घर घेतलंय एवढ्यावरून सूट मिळतही नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

हा टॅक्स १ एप्रिल १९९३ पासून आहे. इंग्लंडमध्ये तुमचं घर १ एप्रिल १९९१ ला केवढ्याला गेलं असतं त्यावरून ए ते एच बँड, म्हणजे टॅक्सची पायरी, ठरते, घर काल बांधलेलं असलं तरी तोच हिशोब. पूर्ण बिल हे घरात दोन मोठी माणसं राहतात असं धरून काढलेलं असतं, मोठी म्हणजे १८ पूर्ण झालेली. तिघं चौघं राहिले तरी बिल वाढत नाही, एकच राहत असेल तर २५ टक्के कमी होतं.

आता 'राहतं' म्हणजे काय? कायद्याच्या भाषेत ज्याचं एकमेव किंवा मुख्य घर ते आहे तो तिथे राहतो. प्रत्येक माणसाचं मुख्य घर एकच असतं, पण ते माणसागणिक ठरतं, जोडप्यागणिक नाही. म्हणजे बायकोचं मुख्य घर स्लाउ आणि नवऱ्याचं लीड्स असं खरोखर असेल तर दोघांनाही आपापल्या घरावर सूट मिळते, आणि एकाचं बिल थकलं तर दुसऱ्याच्या मागे कुणी लागत नाही. दोघं एकाच घरात राहत असतील तर मात्र घर कुणाच्याही नावावर असो, बिलाला दोघंही पूर्णपणे जबाबदार.

मुख्य घर म्हणजे काय याची व्याख्या १९९२ च्या कायद्यात दिलेली नाही, ते कोर्टांनी हळूहळू ठरवत आणलंय. २००४ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने म्हटलं ते आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटतं: सगळी माहिती असलेला एखादा समंजस तिऱ्हाईत ज्या घराला त्या माणसाचं घर म्हणेल ते त्याचं मुख्य घर. नुसत्या रात्री मोजून भागत नाही. काउन्सिल टॅक्सच्या आधी पोल टॅक्स होता, त्या काळात, १९९१ मध्ये, व्यापारी जहाजावरच्या एका माणसाची केस झाली होती, वर्षातला बराचसा काळ तो समुद्रावर असायचा, तरी बायको ज्या घरी होती तेच त्याचं मुख्य घर धरलं गेलं.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे एक ताई काउन्सिलचं पत्र घेऊन आल्या. नवरा सोमवार ते शुक्रवार दुसऱ्या शहरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये, त्या आणि मुलगा इकडे, म्हणून त्यांनी फॉर्मवर 'मी एकटीच मोठी' असं भरलं होतं आणि अगदी प्रामाणिकपणे भरलं होतं. आम्ही कागद घेतला आणि एकेक विचारत गेलो. नवऱ्याचा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, कुठला? इकडचा. मतदार यादीत नाव कुठे? इकडे. (भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपली नावं इथल्या यादीत येतात, अनेकांच्या लक्षात नसतं.) गाडीच्या इन्शुरन्सवर पत्ता? इकडचा. आणि मग त्या स्वतःच म्हणाल्या, रविवारी संध्याकाळी तो पाच शर्ट इस्त्री करतो, बॅगेत भरतो, शुक्रवारी मळलेले परत आणतो. झालं, त्या पाच शर्टांनीच उत्तर दिलं, त्याचं मुख्य घर इकडचंच. सूट चुकीची होती. आम्ही त्यांच्यासोबत बसून काउन्सिलला सगळं खरं खरं लिहिलं, मागची रक्कम हप्त्यांनी भरायचं ठरलं, पण तोवर त्या ताईंची झोप उडालेली होती आणि ते बघवत नव्हतं.

याच्या उलट दुसरं एक जोडपं, दोघं पन्नाशीपुढचे, तिचं घर लेस्टरला, त्याचा फ्लॅट वेम्बलीला, दोघांचे जीपी वेगळे, मतदान वेगळीकडे, कपडे भांडीकुंडी सगळं आपापल्या घरी, एक शनिवार इकडे एक शनिवार तिकडे. लग्न रीतसर झालेलं. त्यांना दोन्हीकडे सूट मिळते, आणि ती घ्यायला त्यांना उगाच संकोच वाटत होता, चार वर्षं पूर्ण बिल भरत होते. हक्काची सूट सोडू नका. मागच्या तारखेपासून लावून द्या असंही मागता येतं, पुरावे मात्र लागतात.

पैशात फरक किती पडतो ते सांगतो, गणित सोपं जावं म्हणून दोन्ही घरांचं पूर्ण बिल वर्षाला २,००० पाउंड धरू. दोघांची मुख्य घरं वेगळी असतील तर १,५०० अधिक १,५००, म्हणजे ३,०००. पण नवऱ्याचं मुख्य घर बायकोचंच ठरलं तर तिचं बिल पूर्ण २,०००, आणि त्याचा फर्निचरवाला फ्लॅट कुणाचंच मुख्य घर नाही म्हणून सेकंड होम. १ एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या काउन्सिलना अशा घरावर १०० टक्क्यांपर्यंत जादा आकारता येतं, तिथल्या काउन्सिलने ते पूर्ण लावलं असेल तर फ्लॅटचे ४,०००. एकूण ६,०००, सरळ दुप्पट भुर्दंड. सगळ्या काउन्सिलनी ते लावलेलं नाही, म्हणून फ्लॅट घेण्याआधी तिथला नियम बघा, आम्हाला विचारा, घेतल्यावर नको. वेल्समध्ये हा जादा भार ३०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये काउन्सिल टॅक्सच नाही, तिथे रेट्स नावाचा वेगळा कर असतो.

"पण फ्लॅट तर नोकरीसाठीच घेतलाय" असं बरेचजण म्हणतात. नोकरीशी जोडलेल्या घरांना सवलती आहेत पण त्या नोकरी देणाऱ्याने कामाची गरज म्हणून दिलेल्या घराच्या बाबतीत, ऑफिस जवळ पडतं म्हणून आपण भाड्याने घेतलेलं घर त्यात बसत नाही.

जोडीदार अजून पुण्यात किंवा नागपुरात असेल तर तुम्ही इथे एकटेच राहता, सूट मिळते. तो किंवा ती डिपेंडंट व्हिसावर राहायला आली की त्या दिवसापासून सूट बंद, २१ दिवसांत कळवायचं. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर चार-सहा महिने आले तर त्यांचं मुख्य घर भारतातच आहे, त्यांच्यामुळे सूट जायला नको, तरी काउन्सिलने विचारलं तर लपवू नका, तिकिटं दाखवा.

दोघांपैकी एक फुल-टाइम स्टुडंट असेल तर ते माणूस मोजणीत धरतच नाहीत, मग दोघं एकाच घरात असूनही २५ टक्के सूट लागू शकते. स्टुडंटचा जोडीदार ब्रिटिश नागरिक नसेल आणि व्हिसाच्या अटींनी त्याला काम करायला किंवा बेनिफिट घ्यायला मनाई असेल तर तोही मोजत नाहीत. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

आणखी एक भीती आम्ही रोज ऐकतो, व्हिसावर पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी आर्थिक मदत, घ्यायची मनाई आहे, ही सूट घेतली तर पुढे आयएलआरला, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याला, अडचण येईल का? एकट्याची २५ टक्के सूट आणि स्टुडंटची सूट पब्लिक फंड्समध्ये येत नाही, बिनधास्त घ्या. कमी उत्पन्नामुळे मिळतं ते काउन्सिल टॅक्स रिडक्शन मात्र येतं, त्याला हात लावण्याआधी आमच्याशी बोला.

घर विकत घेत असाल तर एवढं लक्षात ठेवा की बाकीच्या टॅक्सचे नियम वेगळे आहेत. घर विकून झालेल्या नफ्यावरच्या कॅपिटल गेन्स टॅक्समध्ये वेगळे न झालेल्या नवरा-बायकोला मिळून एकच मुख्य घर धरता येतं, आणि जोडीदाराच्या नावावर आधीच घर असेल तर तुमच्या पहिल्या खरेदीवरसुद्धा स्टॅम्प ड्युटीचा जादा ५ टक्के बसू शकतो. काउन्सिलने दोन घरं मानली म्हणून एचएमआरसी, म्हणजे सरकारचं टॅक्स खातं, मानेलच असं नाही.

काउन्सिल मतदार यादी आणि इतर नोंदी ताडून बघते, त्यामुळे चूक आज ना उद्या समोर येतेच. न कळवल्याबद्दल ७० पाउंड दंड लागू शकतो, पुन्हा माहिती मागूनही दिली नाही तर २८०, आणि मागची सूट परत भरायची ती वेगळीच. पण निर्णय तुम्हाला चुकीचा वाटला तर गप्प बसू नका. आधी काउन्सिललाच लेखी कळवा, त्यांना उत्तराला दोन महिने असतात, उत्तर पटलं नाही तर पुढच्या दोन महिन्यांत व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे, म्हणजे असे वाद ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, जाता येतं, त्याची फी नाही. तोपर्यंत बिल भरत राहा, थांबवलं तर कोर्टाचं समन्स येतं आणि त्याचा खर्च अंगावर पडतो.

आमच्याकडे येताना दोन्ही घरांची बिलं, दोन्ही भाडेकरार किंवा मॉर्गेजचे कागद, जीपीचं पत्र, गाडीचा इन्शुरन्स आणि बँक स्टेटमेंट आणा. आणि शक्य असेल तर दोघं या, एक जण फोनवर असला तरी चालेल, कारण आठवड्यातले सात दिवस कोण कुठे असतं हे आम्ही दोघांकडून वेगवेगळं विचारतो आणि मगच फॉर्म भरतो.