सागवानी पेनामागचे कातकाम आणि पॉलिश : एक पार्श्वभूमी

हाताने कातलेले सागवानी पेन पाहिले की ही आपल्या कातारी, म्हणजे लाकूड फिरवून धारेने आकार देणाऱ्या कारागिरांच्या, परंपरेतूनच उतरलेली वस्तू असावी, असे सहज वाटते. प्रत्यक्षात त्या परंपरेने सागाला फारसे जवळ केले नव्हते. सावंतवाडी आणि कर्नाटकातील चन्नपटण येथील लाखकामाला हलके किंवा फिकट, एकसारख्या पोताचे लाकूड लागते; चन्नपटणचे कारागीर त्यासाठी काळ्या कुड्याचे लाकूड वापरतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून सर्वत्र पसरते आणि मग केवड्याचे पान धरून तिला चकाकी आणली जाते. सागाची रंध्रे मोठी, अंगात नैसर्गिक तेल आणि रंग मुळातच सोनेरी तपकिरी असल्यामुळे तो रंगीत लाखेखाली झाकण्याचे कोणाला प्रयोजनही वाटले नसावे.

सागाचे क्षेत्र निराळे होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान अरण्यातून परवानगीने तोडून न्यावे, रयतेच्या आंब्या-फणसांना मात्र हात लावू नये, अशी आज्ञा आहे. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने मलबारच्या सागापासून जहाजे बांधली. त्यांपैकी 1817 साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेले आहे. जहाजबांधणीच्या मागणीने जंगले इतकी विरळ झाली की 1847 मध्ये मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक करावी लागली. लाकूड टिकवणारे तेच तेल आणि त्यासोबतची सिलिका (वाळूतले कठीण द्रव्य) आज पेन कातणाऱ्याच्या वाट्याला येतात : सिलिकेमुळे पटाशीची धार लवकर बोथट होते आणि तेलामुळे गोंद नीट धरत नाही.

लेखणीच्या बाजूने पाहिले तर बोरूला कातकामाची गरजच नव्हती. टाकाचा दांडा लाकडी असे, पण त्याची शाई बाहेर, दौतीत. फाउंटन पेन आले तेव्हा शाई पेनाच्या पोटात गेली, आणि शाईने फुगणाऱ्या लाकडाऐवजी एबोनाइटला (कडक केलेल्या रबराला) मान मिळाला. आंध्रातील राजमहेंद्री येथे 1930च्या दशकापासून एबोनाइटची पेने हाताने कातली जात आहेत. लाकडाचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा केला तो बॉलपेनाने. लाझ्लो बिरो यांनी 1938 मध्ये पेटंट घेतलेल्या या पेनात दाट शाई वापरली गेली आणि ती बंद रिफिलमध्ये राहू लागल्यावर बाहेरचे नळकांडे कशाचेही चालू लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस पितळी नळ्या, टोक, क्लिप आणि फिरकी असलेले तयार संच मिळू लागले, आणि घरच्या छोट्या लेथवर पेन करणे शौकिनांच्या आवाक्यात आले.

सर्वांत प्रचलित बारीक संचासाठी सुमारे 19 मिलिमीटर जाडीच्या चौकोनी तुकड्याचे दोन भाग करून प्रत्येकात 7 मिलिमीटरचे भोक पाडतात. सागाच्या बाबतीत पितळी नळी बसवण्यापूर्वी ते भोक अॅसिटोनने पुसून घेणे फार महत्त्वाचे ठरते, कारण तेलकट भिंतीला चिकटवलेली नळी कातताना सुटली तर सारे श्रम वाया जातात. नंतर दोन्ही टोके नळीशी काटकोनात सपाट करून, तुकडे मँड्रेलवर (लेथवर फिरणाऱ्या धातूच्या दांड्यावर) चढवून, दोन्ही बाजूंच्या बुशिंगच्या (माप दाखवणाऱ्या धातूच्या कड्यांच्या) जाडीपर्यंत कातले जातात.

खरा प्रश्न पुढे, पॉलिशचा. सुतारकामात सागावर चपडा लाखेचे (स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेच्या पापुद्र्यांचे) स्पिरिट पॉलिश कापडाच्या बोळ्याने चढवण्याची रीत रुळली होती. म्हणजे जी लाख कातारी कांडीने लावत असे, तीच सागाला पातळ होऊन मिळाली. लेथवरील घर्षण पॉलिश, म्हणजे फिरत्या लाकडावर कापडाने घासून चढवायचे पॉलिश, हे याचेच भावंड. पण लाख घामाने आणि स्पिरिटाने खराब होते, आणि पेन तर दिवसभर बोटांत असते. म्हणून अनेकांनी सायनोअॅक्रिलेटचा मार्ग धरला. अमेरिकेत 1942 मध्ये, बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हाती आलेले हे रसायन 1958 मध्ये गोंद म्हणून बाजारात आले. आपल्याकडे ते फेविक्विकच्या रूपात घरोघरी ठाऊक आहे. त्याचे पातळ थर एकावर एक चढवून, अधिकाधिक बारीक घासकागदाने (सँडपेपरने) घासले की काचेसारखा पृष्ठभाग तयार होतो.

सागासाठी मला तो जाड, काचेरी थर मानवत नाही. पाडलेल्या वाड्यांच्या खांबांतून आणि चौकटींतून मिळणारे जुने, पूर्ण वाळलेले सागवान 150 पासून 600 नंबरच्या कागदापर्यंत क्रमाने घासले, प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून रेषेच्या दिशेने हात फिरवला, भुसा पुसून काढला आणि वर जवसाच्या तेलाचा हलका हात व मेण दिले, तर वार्षिक वलयांच्या गडद रेषा उठून दिसतात आणि बोटांना लाकूडच लागते. या लेपाला अधूनमधून पुन्हा मेण लावावे लागते. प्रकाशाने आणि हाताळण्याने सागाचा रंग हळूहळू गहिरा होत जातो, तो मात्र कोणत्याही पॉलिशखाली थांबत नाही.