जुनी रॅले सायकल दुरुस्तीला टाकताय? आधी हे वाचा

आजोबांची रॅले माळ्यावरून उतरवून पुणेकर आमच्याकडे येतात, तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो: "साधी काळी सायकल, तिच्या सुट्या भागांची एवढी बोंब कशाला?" त्याचं उत्तर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला आहे.

तिथल्या रॅले स्ट्रीटवर 1887 मध्ये 12 कामगार आठवड्याला 3 सायकली बनवायचे. (नाव गल्लीवरून पडलं. जुने इंग्रज दर्यावर्दी सर वॉल्टर रॅले यांच्या काळात सायकलच नव्हती!) डॉक्टरांच्या सांगण्यावरून सायकल चालवू लागलेल्या फ्रँक बोडन यांनी तो धंदा विकत घेतला. 1896 पर्यंत कारखाना साडेसात एकरांवर गेला आणि वर्षाला 30,000 सायकली काढण्याइतका झाला.

बाकीचे कारखानदार फ्रेमचे सांधे ओतीव वापरत. रॅलेने 1900 च्या सुमारास पोलादी पत्रा दाबून सांधे घडवायला घेतले. जाहिरातीतलं 'ऑल-स्टील' ते हेच. नळ्या या सांध्यांत पितळाने जोडलेल्या असतात. म्हणून तडा गेला तर कोपऱ्यावरून आर्क वेल्डिंग मारून आणू नका. नळी जळते, आणि मग आम्हालाही काही करता येत नाही.

खरी गोम आट्यांची. नॉटिंगहॅमच्या रॅलेत बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांचा आस फिरतो ती जागा) कपाला इंचाला 26 आटे, इतरांच्या सायकलींना 24. बाजारातला कप एक-दोन वेढे जातो आणि अडतो. मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका सायकलीत कुणीतरी तो पान्याने दामटून बसवला होता. उघडल्यावर छर्‍यांबरोबर आट्यांचा चकचकीत कीसच हातावर आला.

सायकल आसनसोलची, म्हणजे भारतात बनलेली सेन-रॅले असेल तर आधी सांगा. तिला कमी लेखायचं कारण नाही, फक्त भाग वेगळे बघावे लागतात.

मागच्या चाकात थ्री-स्पीड हब (चाकाच्या मधोमध बसणारा तीन गिअरांचा भाग) असेल तर चष्मा लावून त्यावरचे आकडे वाचा. हे हब बनवणारी स्टर्मी-आर्चर 1902 पासून बराच काळ रॅलेच्याच घरची कंपनी होती. 'एडब्ल्यू' (AW, हबचं मॉडेल) या अक्षरांजवळ 52 दिसलं तर हब 1952 चा. हब म्हणतोय, सायकल नव्हे. चाकं बदललेली असतात.

ओव्हरऑइलिंगला (पूर्ण खोलून तेलपाणी करायला) टाकताना सायकल घासूनपुसून आणू नका. पॉलिश पेपरने गेलेल्या सोनेरी रेघा पुन्हा हाताने काढायला आम्हाला चार दिवस लागतात. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत देतो, मोजून घ्या.