काउंट(*) आणि काउंट(वजन): गाड्या किती आल्या, काटे किती झाले?

सोयाबीनचा हंगाम, लातूरचा मोंढा. एका आडतीसाठी मी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये ‘काटा बाकी: 0’ दिसत होतं आणि बाहेर ऑक्टोबरच्या उन्हात दोन शेतकरी गाडीपाशी काट्याची वाट बघत उभे होते. चूक मोजणीच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत विचारलेल्या प्रश्नात होती.

गाडी आली की आवक टेबलात नोंद होते, वजन मात्र काटा झाल्यावरच भरतात. समजा पाच गाड्या आल्या. तिघांचं वजन 30, 24 आणि 36 क्विंटल, उरलेल्या दोघांच्या रकान्यात नल, म्हणजे अजून काहीच भरलेलं नाही. इथे एसक्यूएलच्या मोजणीच्या फंक्शनचं काउंट(*) हे रूप 5 सांगतं, काउंट(वजन) 3. पहिलं नुसत्या ओळी मोजतं, रकान्यात डोकावतही नाही. दुसरं नल असलेल्या ओळी सोडून देतं. काटा बाकी किती, ते या दोहोंच्या वजाबाकीतून कळतं.

नल म्हणजे शून्य नव्हे, हे आधी पक्कं करा. ‘नंतर भरू’ म्हणून कुणी 0 टाकून ठेवलं, तर काउंट(वजन) ती गाडी काटा झालेली धरतं. सरासरीतही तेच. एकूण 90 ला काउंट(*) ने भागलं तर 18 येतात, सरासरी काढणारं एव्हीजी(वजन) मात्र नल सोडून 30 देतं.

लेफ्ट जॉइनमध्ये, म्हणजे पहिल्या टेबलाची प्रत्येक ओळ राखून दुसरं टेबल जोडताना, तर हा फरक हमखास चकवतो. औशाच्या एखाद्या शेतकऱ्यानं यंदा अजून माल आणलाच नसेल, तरी शेतकरी टेबलाला आवक जोडल्यावर त्याची एक ओळ उरतेच, आवकेकडचे सगळे रकाने नल. काउंट(*) त्याच्यापुढे 1 लिहितं. तिथे काउंट(आवक.आयडी) हवं, ते 0 देतं. (काउंट(1) म्हणजे काउंट(*) च, वेगळं काही नाही.)

आता माझी चूक. कोणता रकाना मोजायचा ते वापरणाऱ्यानं ड्रॉपडाउनमधून निवडायचं होतं, म्हणून मी काउंट(?) लिहिलं आणि रकान्याचं नाव पॅरामीटर म्हणून, म्हणजे ? च्या जागी वेगळं पाठवलं. एरर आली नाही. वजन निवडा की भाव, उत्तर 5 च. पॅरामीटरमधून फक्त मूल्य (व्हॅल्यू) जातं, रकान्याचं नाव जात नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसनं ‘वजन’ हा नुसता मजकूर धरला. तो मजकूर कुठल्याच ओळीत नल नसतो, त्यामुळे काउंट(?) चं गुपचूप काउंट(*) झालं. पाचातून पाच गेले, बाकी शून्य.

रकान्याचं नाव क्वेरीच्या मजकुरातच घालावं लागतं. पण स्क्रीनवरून आलेलं नाव जसंच्या तसं चिकटवणं म्हणजे एसक्यूएल इंजेक्शनला (बाहेरच्यानं क्वेरीत आपले हुकूम घुसवण्याला) दार उघडं ठेवणं. म्हणून वजन, भाव, ओलावा अशी ठरलेली यादी प्रोग्राममध्येच ठेवा. निवड तिच्यात सापडली तरच यादीतलं नाव क्वेरीत जोडा, नाहीतर क्वेरी चालवूच नका. तारीख, गाव, शेतकऱ्याचं नाव ही मूल्यं मात्र पॅरामीटरमधूनच पाठवा.