स्वादुपिंडाचा कर्करोग: मशेरीपासून मधुमेहापर्यंत

परळला टाटा हॉस्पिटल १९४१ साली उघडलं. शहरभरातल्या कर्करोगाच्या रुग्णांची रीतसर नोंद ठेवायला मात्र १९६३ उजाडलं. इंडियन कॅन्सर सोसायटीची ही नोंदणी देशातली अशी पहिलीच. तिच्यात तोंड आणि घसा ठळक दिसत; स्वादुपिंड पहिल्या रांगेत कधीच नव्हतं. थोडा दोष निदानाचाही असणार. जठरामागे दडलेल्या या अवयवातली गाठ सोनोग्राफी, सीटी स्कॅन येण्याआधी दिसणार कशी? डोळे पिवळे झाले की कावीळ समजून झाडपाला सुरू व्हायचा. तरी आजही आपल्याकडचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे, हे खरं.

कारणांत सर्वांत जुनं आणि पक्कं म्हणजे तंबाखू. गिरणगावात खात्यात कापसाचे तंतू उडत असताना विडी पेटवायची सोय नव्हती. तंबाखू-चुना मळून चिमूट ओठात धरली की पाळी निघायची. बायकांकडे मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांना लावायची. एकदा लावली की तोंड धुवायची घाई नाही! १९९०च्या दशकात मुंबईत पस्तिशीपुढच्या सुमारे एक लाख लोकांची पाहणी झाली. कार्यकर्ते मतदारयाद्या आणि हातातले छोटे संगणक घेऊन घरोघरी गेले. निम्म्याहून जास्त बायका तंबाखू वापरत होत्या, तीही जवळजवळ सगळी बिनधुराची.

धूम्रपानाचा स्वादुपिंडाशी संबंध आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८६ साली मान्य केला. ओढणाऱ्याला धोका साधारण दुप्पट. बिनधुराच्या तंबाखूवर तसा शिक्का बसायला २००४ उजाडलं. पुड्यांवर चित्रं तोंडाच्या कर्करोगाची, त्यामुळे ‘आपल्याला चट्टा नाही, म्हणजे झालं’ असं समजणारे पुष्कळ. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली. टपरीवर तो कसा मिळतो, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

विकसनशील देशांचा एक खास धागा केरळात सापडतो. दारूला न शिवलेल्या तरुण, गरीब रुग्णांच्या स्वादुपिंडात खडे दिसायचे. बराच काळ संशय टॅपिओका या तिथे खाल्ल्या जाणाऱ्या कंदावर होता. पुढे जनुकांतले दोषही सापडले. अशा रुग्णांत कर्करोगाचा धोका मोठा, आणि तो कमी वयात. अति दारूनेही दीर्घकाळची सूज येते आणि वाट तिथेच जाते. १९८१ साली अमेरिकेत कॉफीवरही आरोप झाला होता, पण नंतरच्या अभ्यासांत तो टिकला नाही. म्हणून एखाद्या पदार्थावर खापर फोडणारे व्हॉट्सॲप संदेश मी तरी पुढे पाठवत नाही.

१९८२च्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या, कामं खुर्चीवर आली, पोटं सुटली. लठ्ठपणा आणि जुना मधुमेह दोन्ही हा धोका वाढवतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासानुसार देशात मधुमेही १० कोटींवर आहेत. त्यातल्या बहुतेकांना हा कर्करोग होणार नाही. पण पन्नाशीनंतर अचानक साखर वाढली, घरात कुणालाच मधुमेह नाही आणि वजनही उतरतंय, तर उलट शक्यता डॉक्टरांच्या कानावर घालावी: गाठ आधी आणि साखर तिच्यामुळे. सरसकट सगळ्यांसाठी तपासणीची चाचणी अजून नाही.