अननसाला टेकलेलं चीज कडू का होतं?

ख्रिसमस, थर्टीफर्स्ट, वाढदिवस, घरी पंधरावीस माणसं येणार असली की सगळ्यात सोपा स्टार्टर म्हणजे चीजचा तुकडा, अननसाची फोड आणि वर लाल चेरी, हे टूथपिकमध्ये ओवायचं आणि अर्धा कोबी फॉइलमध्ये गुंडाळून त्यात खोचून द्यायचं. गॅस पेटवायला नको, मुलंसुद्धा हौसेने ओवत बसतात.

मागच्या थर्टीफर्स्टला संध्याकाळी गडबड नको म्हणून मी दुपारी तीनलाच सगळं ओवून फ्रिजमध्ये ठेवलं. रात्री नऊला काढलं तर चीज जिथे अननसाला टेकलं होतं तिथे बुळबुळीत झालेलं आणि चव चक्क कडू. सगळ्यांना वाटलं चीजच खराब निघालं, पण पाकिटात उरलेले क्यूब खाऊन बघितले तर एकदम मस्त होते.

हे काम ताज्या अननसाचं. त्यात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, म्हणजे प्रोटीन तोडणारी कात्रीच म्हणा. आता चीज म्हणजे काय, तर दुधातल्या केसीन या प्रोटीनची जाळी आणि त्यात अडकलेलं फॅट आणि पाणी (गाईच्या दुधातलं जवळपास 80 टक्के प्रोटीन केसीनच असतं). कात्री चालली की जाळी सैल पडते म्हणून बुळबुळीतपणा, आणि केसीनच्या लांब साखळीचे जे छोटे तुकडे पडतात त्यातले काही जिभेला कडू लागतात. फ्रिजमध्ये हे हळू होतं, पण थांबत नाही. ताजा अननस दुधात घातला की दूध कडू होतं ते याचमुळे, आणि खूप अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते त्यातही याचा हात आहेच.

उपाय सोपा आहे. एन्झाइम स्वतः एक प्रोटीन, त्यामुळे नीट तापलं की त्याचा आकार बिघडतो आणि काम बंद पडतं. डब्यातला अननस भरतानाच तापवलेला असतो, म्हणून तो चालतो. अननसाच्या शिऱ्यात आपण फोडी आधी साखरेत शिजवून घेतो, तसंच इथेही करायचं, चमचाभर साखर घालून चारपाच मिनिटं उकळायचं, गार करायचं आणि पाणी टिपून घ्यायचं. ताज्या फोडीच हव्या असतील तर पाहुणे आल्यावर ओवा. किवी आणि कच्च्या पपईतही असलीच एन्झाइम असतात, द्राक्षं आणि सफरचंद मात्र बिनधास्त वापरा (सफरचंद काळं पडू नये म्हणून लिंबू चोळा).

आणि ती लाल चेरी, ती बऱ्याचदा साखरेत मुरवून रंगवलेलं करवंद असतं, आपल्या डोंगरातलंच!

घरी बघायचं असेल तर दोन वाट्यांत थोडं थोडं दूध घ्या, एकीत ताज्या अननसाचा रस घाला, दुसरीत तोच रस उकळून गार केलेला. आंबटपणामुळे दोन्ही फाटतील, त्याकडे लक्ष देऊ नका, अर्ध्या तासाने दोन्हीतलं चमच्याच्या टोकाने चाखा. कडू फक्त पहिली वाटी लागेल.