केमो द्यायची की नाही: गाठीच्या जनुकीय चाचणीमागचा इतिहास

शस्त्रक्रिया झाली. स्तनातली गाठ दोन सेंटिमीटरची निघाली, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ, म्हणजे कर्करोग तिथे पोहोचलेला नाही. ईआर-पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीवर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर आहेत; हर-टू निगेटिव्ह, म्हणजे वाढीला चालना देणारं हर-टू हे प्रथिन जास्त नाही. असा रिपोर्ट घेऊन नाशिकमध्ये ऑन्कोलॉजिस्टसमोर बसलेल्या बाईला आता बऱ्याचदा विचारलं जातं, ‘गाठीची जनुकीय चाचणी करून घ्यायची का?’ चाचणी महाग आहे, नमुना नाशिकबाहेर जातो आणि हाती येतो आजार परतण्याचा धोका सांगणारा एक आकडा. हा आकडा कोणाच्या गाठींवरून ठरवला गेला, हे कळलं की तो कोणाला लागू पडतो आणि कोणाला नाही, हेही बरंचसं कळतं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्तनाच्या कर्करोगावरचा उपचार म्हणजे मोठी शस्त्रक्रिया. जितकं जास्त काढू तितकं चांगलं, अशी समजूत होती. पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर यांनी त्याविरुद्ध मांडणी केली. गाठ हाताला लागेपर्यंत तिच्या पेशी रक्तातून दूर गेलेल्या असू शकतात, त्यामुळे स्तनाभोवती कितीही कापलं तरी त्या हाती लागणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. मग सगळ्या शरीरात पोहोचणारं औषध हवं. १९७६ मध्ये मिलानच्या जानी बोनाडोना यांनी काखेत ग्रंथी लागलेल्या स्त्रियांमध्ये सायक्लोफॉस्फमाइड, मेथोट्रेक्सेट आणि फ्लुरोयुरॅसिल या तीन औषधांच्या बारा सायकलींचे, म्हणजे फेऱ्यांचे, निकाल प्रसिद्ध केले. आजार परतण्याचं प्रमाण स्पष्ट कमी झालं होतं. ऑपरेशननंतरच्या केमोची प्रथा तिथून रुजली.

पुढच्या दोन दशकांत केमो ग्रंथी न लागलेल्या स्त्रियांपर्यंतही पोहोचली. फिशर यांच्याच एनएसएबीपी या अमेरिकी गटाच्या दोन अभ्यासांवर पुढचं सगळं उभं आहे. बी-१४ मध्ये ग्रंथी स्वच्छ आणि ईआर पॉझिटिव्ह असलेल्या स्त्रियांना टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेनला अडवणारी हार्मोन गोळी किंवा नुसती साखरगोळी दिली होती. बी-२० मध्ये एका गटाला फक्त टॅमॉक्सिफेन, दुसऱ्याला टॅमॉक्सिफेन आणि केमो. १९९७ मध्ये बी-२० चा निकाल आला. केमोने सरासरी थोडा फायदा होत होता. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञसभेने सुरुवातीच्या टप्प्यातल्या बहुसंख्य स्त्रियांना केमो सुचवावी असा सल्ला दिला, मग ग्रंथी लागलेल्या असोत वा नसोत, रिसेप्टर काहीही असो.

अडचण त्या ‘सरासरी’त होती. नुसत्या टॅमॉक्सिफेनवर राहिलेल्या अशा स्त्रियांपैकी सुमारे ८५ टक्के जणींना दहा वर्षांत दूरच्या अवयवांत आजार परतला नव्हता. म्हणजे बहुतेकींना केमोची गरजच नव्हती. थोड्याजणींना ती हवी होती, पण त्या कोणत्या हे सांगता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांना दिली जात होती. गाठीचा आकार, ग्रेड (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात), वय, ग्रंथी यांवरून अंदाज बांधत. २००१ च्या सुमारास ‘ॲडज्युव्हंट ऑनलाइन’ हे संगणकी साधन आलं, पण त्याच्याही मुळाशी तीच माहिती होती.

२००० मध्ये चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठी जनुकांच्या हालचालींवरून वेगवेगळ्या जातींच्या निघतात. २००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या लॉरा व्हॅन ट वेअर यांच्या गटाने ७० जनुकांचा नमुना मांडला. त्याचीच पुढे मॅमाप्रिंट ही चाचणी झाली. पण तिला सुरुवातीला ताज्या, गोठवलेल्या गाठी लागत. सर्वसाधारण रुग्णालयात गाठ गोठवून कोण ठेवतं? ती फॉर्मलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात जाते आणि मग मेणाच्या, म्हणजे पॅराफिनच्या ठोकळ्यात, ज्याला ब्लॉक म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या जीनोमिक हेल्थ कंपनीने नेमका हाच पेच सोडवला. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या ब्लॉकमधल्या तुटक्या आरएनएवरही (कोणतं जनुक किती काम करतंय हे सांगणाऱ्या रेणूंवरही) जनुकांची मोजणी करता येते, हे तिने सिद्ध केलं.

एनएसएबीपीने जुन्या अभ्यासांतल्या गाठींचे ब्लॉक जपून ठेवले होते. आधी २५० जनुकं निवडून ती तीन अभ्यासांमधल्या गाठींवर तपासली आणि त्यांतून २१ उरली. १६ कर्करोगाशी संबंधित, ५ तुलनेसाठी. सोळांमध्ये पेशी किती वेगाने विभागतात हे सांगणाऱ्या पाच जनुकांच्या गटाला सर्वात जास्त वजन आहे, त्यांत केआय-६७ ही येते. इस्ट्रोजेन गटातली चार जनुकं आकडा खाली ओढतात. या सगळ्याची बेरीज ० ते १०० मध्ये बसवली, तिलाच रिकरन्स स्कोअर म्हणतात आणि ही चाचणी म्हणजे ऑन्कोटाइप डीएक्स. हे सूत्र कुलूपबंद करून मग बी-१४ मधल्या टॅमॉक्सिफेन घेतलेल्या ६६८ स्त्रियांच्या ब्लॉकवर चालवलं. सूनम्यून्ग पाइक यांनी २००४ मध्ये निकाल दिला. १८ पेक्षा कमी आकडा असलेल्यांत दहा वर्षांत दूर आजार परतण्याचं प्रमाण ६.८ टक्के, १८ ते ३० मध्ये १४.३ आणि ३१ पासून पुढे ३०.५. २००६ मध्ये बी-२० चे ब्लॉक तपासले तेव्हा दिसलं की केमोचा जवळपास सगळा फायदा वरच्या गटाला होतो, खालच्या गटाला जवळपास नाहीच.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण रुग्णांसाठीच्या माहितीत ती सहसा येत नाही. बी-२० मधल्या फक्त टॅमॉक्सिफेन घेतलेल्या स्त्रियांच्या गाठी सूत्र घडवतानाही वापरल्या होत्या. ज्या नमुन्यांवर सूत्र बसवलं त्यांच्यावरच ते पुन्हा तपासलं की निकाल असायला हवा त्यापेक्षा देखणा दिसतो. शिवाय त्या काळी हर-टूची तपासणी सरसकट होत नसल्यामुळे हर-टू पॉझिटिव्ह गाठीही त्या अभ्यासात मिसळलेल्या होत्या. मधल्या आकड्याच्या स्त्रियांचं काय करायचं, हा प्रश्न तर उघडाच राहिला होता.

त्यासाठी टेलर-एक्स हा अभ्यास २००६ मध्ये सुरू झाला. जोसेफ स्पारानो यांच्या नेतृत्वाखाली २०१० पर्यंत १०,२७३ स्त्रिया त्यात दाखल झाल्या. ग्रंथी स्वच्छ, हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, गाठ १.१ ते ५ सेंटिमीटर, किंवा ०.६ ते १ सेंटिमीटर असून ग्रेड मध्यम वा वरची. कोणावरही कमी उपचार होऊ नये म्हणून संशोधकांनी रेषा मुद्दाम खाली ओढल्या. मधला गट १८–३० ऐवजी ११–२५ केला. आजही जुन्या लेखांत १८ आणि ३१ या रेषा सापडतात आणि आपला आकडा त्यांच्याशी ताडून घरचे लोक हवालदिल होतात. आता ११ आणि २६ याच रेषा धरायच्या.

० ते १० च्या गटाला केमो दिलीच नाही. पाच वर्षांनी त्यांच्यापैकी ९९ टक्क्यांहून जास्त जणींत आजार दूर गेलेला नव्हता. ११ ते २५ मधल्या ६,७११ जणींना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटलं, नुसती हार्मोन गोळी आणि केमो अधिक गोळी. जून २०१८ मध्ये निकाल आला. नऊ वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्या स्त्रिया गोळीच्या गटात ८३.३ टक्के, केमोच्या गटात ८४.३ टक्के. उपचारातून काहीतरी काढून टाकायचं तर नवं औषध आणण्यापेक्षा जास्त धीर लागतो, आणि इतक्या स्त्रियांनी तो दाखवला म्हणून आज लाखो जणी केमोशिवाय बऱ्या राहतात.

मात्र पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांचं चित्र वेगळं निघालं. आकडा १६ ते २० असेल तर केमोने दूर आजार परतणं नऊ वर्षांत सुमारे १.६ टक्के-बिंदूंनी कमी झालं, २१ ते २५ असेल तर सुमारे ६.५ नी. म्हणून ‘२५ पर्यंत केमो नको’ हे वाक्य सरसकट खरं नाही. वय आणि पाळी चालू आहे की नाही, हे विचारल्याशिवाय आकडा वाचू नये.

काखेत एक ते तीन ग्रंथी लागलेल्यांसाठी आरएक्स-पाँडर हा अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये छापून आला. आकडा २५ पर्यंत असेल आणि पाळी गेलेली असेल तर केमोने फायदा नाही. पाळी चालू असलेल्यांत पाच वर्षांनी आजारमुक्त राहण्याचं प्रमाण केमोसह ९३.९ आणि केमोविना ८९.० टक्के. मॅमाप्रिंटचा मिंडॅक्ट अभ्यास त्याआधी, २०१६ मध्ये आला होता. नेहमीच्या निकषांवर धोका जास्त पण जनुकांवर कमी अशा स्त्रियांत केमो टाळूनही पाच वर्षांनी ९४.७ टक्के जणींत आजार दूर गेला नव्हता.

आता नाशिकचं. पूर्वी कर्करोग म्हटलं की इथली माणसं पंचवटी एक्स्प्रेसने दादर गाठून परळच्या टाटाला जात. आज शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन नाशिकमध्ये होतं. तरीही सुरगाणा-पेठ-कळवणहून येणाऱ्या बाईसाठी केमोचा निर्णय साधा नसतो. चार सायकली, दर २१ दिवसांनी, आणि प्रत्येक सायकलीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा ताप आला तर तासांच्या आत रुग्णालयात पोहोचावं लागतं, आणि घाटातली वाट रात्रीची असते. ज्या बाईला केमोचा उपयोगच नाही तिच्यावर हा धोका लादणं चूक आहे.

चाचणीचा पाया मात्र ऑपरेशनच्या दिवशीच पडतो. काढलेला भाग तासाभरात दहा टक्के फॉर्मलिनमध्ये जायला हवा, त्याच्या आकाराच्या दसपट फॉर्मलिन हवं आणि त्यात तो ६ ते ७२ तास राहायला हवा. फॉर्मलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं. शनिवारी दुपारी छोट्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं, अख्खा स्तन न कापता लहान बरणीत कोंबला, वर थोडं फॉर्मलिन ओतलं आणि सोमवारी लॅबला पाठवला, तर आतली गाठ तोवर कुजायला लागलेली असते. अशा ऊतीत आरएनए टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे ईआर खोटा निगेटिव्ह येतो. मग त्या बाईची गाठ ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही नसलेली, ठरते, जनुकीय चाचणीचा प्रश्नच उरत नाही आणि गरज नसलेली केमो सुरू होते. त्यामुळे सर्जनने किंवा लॅबने गाठीवर काप देऊन ती फॉर्मलिनमध्ये ठेवली का आणि काढल्याची वेळ फॉर्मवर लिहिली का, हे नातेवाइकांनी जरूर विचारावं.

बायॉप्सी एका लॅबमध्ये आणि ऑपरेशन दुसरीकडे, हे नाशिकमध्ये नेहमीचं. ब्लॉक मग दोन ठिकाणी असतात. पाठवायचा ब्लॉक पॅथॉलॉजिस्टने निवडावा, गाठीचा भाग भरपूर असलेला आणि वरच्या ग्रेडचा. बायॉप्सीच्या सुईच्या जखमेजवळचा भाग टाळावा, कारण तिथल्या सुजेतल्या पेशी भराभर विभागत असतात आणि आकडा खोटा चढू शकतो. हर-टू ‘२+’, म्हणजे अनिश्चित, आला असेल तर आधी फिश चाचणी, म्हणजे हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी. हर-टू पॉझिटिव्ह, ट्रिपल निगेटिव्ह किंवा चार वा जास्त ग्रंथी लागलेल्या असतील तर ही चाचणी नको. आणि उत्तर काहीही आलं तरी निर्णय बदलणार नसेल तर पैसे घालवू नयेत.

खर्च लाखांच्या घरात जातो. ऑन्कोटाइप डीएक्सचा ब्लॉक अमेरिकेला जातो. बंगळुरूच्या ऑन्कोस्टेम कंपनीची कॅनअसिस्ट ब्रेस्ट चाचणी बरीच स्वस्त आहे आणि ती भारतीय रुग्णांच्या गाठींवर घडवलेली आहे. ती जनुकं मोजत नाही, पाच प्रथिनं मोजते आणि त्यांना आकार, ग्रेड, ग्रंथी यांची जोड देते. १५.५ च्या वर धोका जास्त. तिच्यामागे टेलर-एक्ससारखा चिठ्ठ्या टाकून केलेला मोठा अभ्यास नाही, हे डॉक्टरांनी सांगायला हवं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील तर चाचणीबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं.

बीआरसीएची चाचणी वेगळी. ती रक्तावर होते आणि आईवडिलांकडून आलेला दोष शोधते, मुलींशी-बहिणींशीही तिचा संबंध असतो. रिकरन्स स्कोअर फक्त या गाठीचा स्वभाव सांगतो. एकीचा रिपोर्ट दुसरीच्या जागी चालत नाही.

वेळेचाही हिशेब हवा. ईआर-पीआर-हर-टूचा रिपोर्ट आला की त्याच आठवड्यात ब्लॉक रवाना व्हावा. केमो लागणार असेल तर ती ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांत सुरू झालेली बरी, नव्वद दिवसांपलीकडे गेली तर नुकसान दिसतं. आणि कमी आकड्याचा अर्थ ‘उपचार नको’ असा होत नाही. टेलर-एक्समधले सगळे चांगले निकाल हार्मोन गोळी घेणाऱ्या स्त्रियांचे आहेत. पाच वर्षांची गोळी सहा महिन्यांत सोडली तर तो आकडा तिला लागू राहत नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि भारतात स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा लवकरच्या वयात होतो म्हणून तो इथे विशेष महत्त्वाचा. तरुण स्त्रियांना केमोने जो फायदा दिसला तो केमोच्या माऱ्याचा, की केमोने अंडाशय थंडावून पाळी थांबते त्याचा? दुसरं खरं असेल तर महिन्याच्या इंजेक्शनने अंडाशय शांत ठेवून हार्मोन गोळी दिली तरी पुरेल. हेच तपासण्यासाठी ऑफसेट नावाचा अभ्यास २०२३ मध्ये अमेरिकेत सुरू झाला आहे. त्याचा निकाल येईपर्यंत पाळी चालू असलेल्या आणि १६ ते २५ आकड्याच्या बाईला केमो आणि अंडाशय-दाब या दोन्हींबद्दल एकाच बैठकीत सांगावं, आणि मूल हवं असेल तर तेही उपचार सुरू होण्याआधीच विचारावं.