शपथ तिसऱ्या दिवशी का मोडते?

देवासमोर नारळ ठेवायचा, गाऱ्हाणे घालायचे आणि ‘आजपासून थेंबाला शिवणार नाही’ म्हणायचे. गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या कितीतरी घरांनी हे पाहिले आहे. माणूस बोलतो ते मनापासूनच, आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा बारमध्ये दिसतो. मग ‘याला देवाचीसुद्धा भीती उरली नाही’ म्हणून घरचे कपाळाला हात लावतात. माझ्या मते यात देवाला उगाच मध्ये ओढले जाते.

मेंदूत गाबा नावाचे रसायन पेशींना शांत करते, तर ग्लुटामेट त्यांना चेतवते. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते. वर्षानुवर्षे रोज प्यायल्यावर मेंदू या दाबाशी जुळवून घेतो. गाबाला तो पूर्वीसारखी दाद देत नाही आणि ग्लुटामेटच्या खुणा टिपणारी यंत्रणा वाढवून ठेवतो. कायम ब्रेक दाबलेली गाडी पुढे रेटायला अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरावा, तसे हे. दारू बंद झाली की ब्रेक सुटतो, अ‍ॅक्सिलरेटर मात्र तसाच दाबलेला राहतो.

शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात. सकाळचा चहाचा पेला माणूस दोन्ही हातांनी धरतो, तरी चहा अंगावर सांडतो. घाम, धडधड, झोपेचे खोबरे. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. 48 ते 96 तासांच्या दरम्यान काहींना भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत हे कळत नाही, ताप चढतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार झाले नाहीत तर त्यात जीवही जातो. एक पेग पोटात गेला की थरथर थांबते, हे त्या माणसाला अनुभवाने पक्के ठाऊक असते. शपथ मोडते ती इथे.

म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एका झटक्यात दारू तोडू नये. डॉक्टर डायझेपामसारख्या मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या देऊन काही दिवसांत त्या उतरत्या प्रमाणात बंद करतात. सोबत बी-1 जीवनसत्त्व देतात, कारण त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बांबोळीच्या सरकारी मानसोपचार इस्पितळात हे उपचार होतात.

‘नकळत दारू सोडवा’ म्हणून विकली जाणारी पावडर मात्र कुणी आमटीत कालवू नये. त्यात काय आहे हे विकणाराही सांगत नाही. दारू सोडवण्यासाठी वापरले जाणारे डायसल्फिराम असेल आणि माणूस त्यावर प्यायला, तर चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. हे औषध घेणाऱ्याला सांगून, तपासण्या करूनच द्यायचे असते.

पहिला आठवडा निभावला तरी आठवणी शिल्लक असतात. डोपामिन या सुखाशी जोडलेल्या रसायनाच्या वाटेने मेंदूने दारूची सांगड वासांशी, जागांशी, माणसांशी घातलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बोंडांचा रस आंबून भट्टीवर हुर्राक उतरू लागला की गावभर वास सुटतो आणि सहा महिने कोरडा राहिलेला माणूसही चाळवतो. याला चारित्र्याचा दोष म्हणणे मला पटत नाही. नाल्ट्रेक्सोनची गोळी दारूतून मिळणारे सुख आणि ही ओढ कमी करते. तरी संध्याकाळी सात वाजता कुठे बसायचे, हे गोळी ठरवत नाही. झोपही महिनोन्‌महिने बिघडलेली राहू शकते, हे घरच्यांना आधी सांगितलेले बरे.

समुपदेशनाबाबत एक महत्त्वाचा प्रयोग गोव्यातच झाला. ‘संगात’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांना दोन गटांत विभागले. एका गटाला नेहमीचे उपचार अधिक काटेकोरपणे दिले. दुसऱ्याला त्याशिवाय प्रशिक्षित सामान्य माणसांनी जास्तीत जास्त चार बैठकांत समुपदेशन केले. हे समुपदेशक डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. तीन महिन्यांनी, आधीच्या दोन आठवड्यांत एक थेंबही न घेतलेल्यांचे प्रमाण समुपदेशनाच्या गटात 42 टक्के निघाले, नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात 18 टक्के. 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले.

हे पुरुष जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या चाचणीत 40 पैकी 12 ते 19 गुण मिळवणारे होते, म्हणजे व्यसनात पुरते रुतलेले नव्हते. सकाळीच ज्याचा हात थरथरतो, त्याला चार बैठका पुरणार नाहीत. त्याची सुरुवात इस्पितळातच व्हायला हवी. पण शनिवारी पिऊन सोमवारी कामाला दांडी मारणारा, ‘मी काय बेवडा आहे काय?’ म्हणणारा जो मोठा वर्ग आहे, त्याच्याशी गावच्या आरोग्य केंद्रात कुणीतरी बसून बोलले तरी फरक पडतो.